दर्शनी चूल

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे आमच्याकडे टेबलासाठी तासभर थांबावं लागतं त्या वेळी, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हात करून बोलावलं आणि रश्श्याची वाटी माझ्या नाकाशी धरली. वास घ्या म्हणाले. घेतला. "धूर लागलाय बघा रश्श्याला," ते म्हणाले. "हे गॅसवर होत नाही. या चवीसाठी मी कॉलेज रोडवरून इथवर येतो." मी नेहमीसारखा हसलो, त्यांना अजून रस्सा वाढायला सांगितलं, आणि दोन पावलं पुढे गेल्यावर मला एकदम कसंतरी झालं. जिना संपलेला असावा आणि आपण अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं. कारण तो रस्सा चुलीवरचा नव्हता. गेले सात महिने आमचा सगळा रस्सा मागच्या खोलीत विजेच्या शेगडीवर होतो, आणि ती वीज पार्किंगच्या छपरावर टाकलेल्या सोलरमधून येते. बाहेर रस्त्यावर वीस फुटी पाटी आहे, 'चुलीवरची मिसळ'. धुराचा त्या रश्श्याशी जेवढा संबंध, तेवढाच माझा दिल्लीच्या राजकारणाशी.

आधी मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मी मुळात समाधानी माणूस. लोक खातात, पुन्हा येतात, जाताना गुळाची जिलेबी बांधून नेतात, यातच मला सगळं मिळतं. मनात म्हटलं, घ्या, माणसाला जे खायचंय ते तो खातो, वाटीत काहीही असो. आणि असा गालातल्या गालात हसत मी दाराकडे पाहिलं. दारातच आमची दर्शनी चूल आहे, शेणाने सारवलेली, कडेला गेरूची नक्षी. तिच्यापुढे सिंधुबाई बसलेल्या. एक तरुण जोडपं मोबाइल रोखून उभं होतं आणि त्यातली मुलगी लाडाने म्हणत होती, मावशी, जरा फुंकणी मारा ना, व्हिडिओत धूर छान येतो. सिंधुबाईंनी फुंकणी उचलली, गाल फुगवले, फुंकर मारली. धूर उठला. मुलगी खूश झाली. मग सिंधुबाईंनी फुंकणी खाली ठेवली, हाताचा पंजा भिंतीला टेकला, डोळे मिटले आणि तोंड उघडं ठेवून तशाच बसून राहिल्या. एक श्वास. दुसरा. तिसरा. मग त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. हे मी दर रविवारी पाहत होतो. पाहत होतो म्हणजे माझ्या डोळ्यांपुढून जात होतं. आज पहिल्यांदा मला ते दिसलं, आणि हसू जे गेलं ते गेलंच. ज्या बाईला धुरातून उठवायला मी ती विजेची शेगडी आणली, छपरावर सोलर टाकला, तिलाच मी धुराच्या तोंडावर नेऊन बसवलं होतं.

हे झालं कसं, ते आता सांगतानाही मला माझीच लाज वाटते. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं विजेची पॅनेल जोडली. कारखाना बंद पडला तेव्हा माझी बायको प्रतिभा म्हणाली, मखमलाबादच्या पुढे माझ्या वडिलांनी दिलेली जागा पडून आहे, मिसळ काढू. मला कांदासुद्धा धड चिरता येत नव्हता. शेजारच्या द्राक्षबागेत छाटणीला पेठकडची माणसं यायची, त्यांत मंगळू आणि त्याची बायको सिंधुबाई. हंगाम संपला की ही मंडळी आपल्या डोंगरात भातनागलीच्या शेतीला परत जायची. त्या वर्षी मंगळूला बागेतच राखणीचं काम लागलं आणि दोघं इथेच राहिले. एक दिवस बागेच्या बांधावर तीन दगडांवर सिंधुबाई कसलंसं कालवण करत होत्या. निखाऱ्यात भाजलेला कांदा, खोबरं, मिरची, पाट्यावर वाटलेलं. प्रतिभाने बोट बुडवून चाटलं आणि तिथल्या तिथे त्यांना कामावर ठेवलं. आमचं हॉटेल, मुलीचं इंजिनिअरिंग, हॉटेलातल्या बावीस कामगारांच्या घरची चूल, सगळं त्या एका बोटातून उभं राहिलं. चूल म्हणायची सवय बघा, त्या बावीसांतल्या निम्म्यांकडे आता सिलिंडर आहे.

पाच वर्षं सिंधुबाईंनी मोठ्या चुलीवर चाळीस लिटरचं पातेलं सांभाळलं. मग खोकला सुरू झाला. आधी आम्ही त्याला मसाल्याचा खोकला म्हणायचो, मिरची भाजली की सगळेच खोकतात. पुढे त्यांचं बोलणं तुटायला लागलं. पूर्वी बाई एकदा बोलायला लागल्या की पेठ ते नाशिक रस्ता संपायचा पण गोष्ट संपायची नाही. आता चार शब्द बोलायच्या, थांबायच्या, पुढचे चार. प्रतिभा त्यांना गाडीत घालून छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही होतो. डॉक्टरांनी एक नळी दिली, जोरात फुंका म्हणाले. सिंधुबाईंनी फुंकलं. पुन्हा फुंका. पुन्हा फुंकलं. यंत्रावरची रेघ जराशी उठली आणि पडली. डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का? त्यांना इतकं हसू आलं की त्या हसण्यानेच पुन्हा ढास लागली. मग चुलीपुढे किती वर्षं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, आठ वर्षांची होते तवापासून. डॉक्टर म्हणाले, मग बिडीचं काय घेऊन बसलात. फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत येणार नाही, राहिलाय तो वाचवा, धुरापुढे बसायचं नाही. एवढं साधं बोलले. मला ते बाहेर पडेपर्यंत पाठ झालं होतं.

मग मी पेटलो. आमच्या घरात मी पेटतो तेव्हा प्रतिभा पंखा लावते. महिन्याभरात मागची खोली पांढऱ्या फरश्यांची झाली, तिथे मोठी विजेची शेगडी आली, पार्किंगचं छप्पर सोलरने झाकलं. आमचा धंदा सकाळी सातला सुरू होऊन तीनला बंद, म्हणजे सूर्याचीच ड्यूटी. माझा मेहुणा शेखर एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात आहे. तो आला, छपराखाली उभा राहून वर बघत म्हणाला, भाऊजी, पावसाळ्यात काय करणार? मी म्हटलं, तेव्हा तुमची वीज घेणार. तो म्हणाला, म्हणजे तुमचा धूर आमच्या गावाला पाठवला म्हणा की. चिडवायचा स्वभाव आहे त्याचा. पण मग चहा घेताना तो गंभीरपणे सांगायला लागला की आताशा दुपारी सूर्याची वीज इतकी येते की त्यांना वीजनिर्मितीचे संच कमी भारावर चालवायला सांगतात, आणि संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा पूर्ण जोर. ज्या यंत्राला आयुष्यभर एका चालीने चालायची सवय, त्याला रोज बस आणि ऊठ. कोळसा बंद करा म्हणणारे संध्याकाळी पंखा बंद करायला तयार नाहीत, आणि करायला तरी का लावावा, आत्ता कुठे तो मिळालाय लोकांना. हळूहळू होईल म्हणाला, पण मधल्या मधे ताण कोणावर येतो ते बघत राहावं लागतं. मी मान डोलावली. मला वाटलं तो बॉयलरबद्दल बोलतोय.

पहिले दोन रविवार रस्सा विजेवर झाला आणि गर्दी पातळ झाली. लोक यायचे, इकडेतिकडे बघायचे, चूल कुठाय विचारायचे. एकाने मोबाइलवर लिहिलं की आता इथेही फॅक्टरी झाली. प्रतिभाचा जीव खालीवर व्हायला लागला. मलाच युक्ती सुचली, शपथेवर सांगतो, ती प्रतिभाची नव्हती. म्हटलं, दारात एक छोटी चूल मांडू, तिच्यावर नुसत्या भाकऱ्या करू, म्हणजे पाटीही खोटी नाही आणि आतला रस्साही बिनधुराचा. आणि सिंधुबाईंना आता जड काम झेपत नाही, पातेलं हलवायला नको, नुसतं बसायचं, तर त्यांनाच तिथे बसवू. हलकं काम. मी मोठ्या मनाने ते त्यांना दिलं. त्याही बिचाऱ्या लुगड्याचा काष्टा नीट घालून पहिल्याच दिवशी वेळेआधी येऊन बसल्या. गर्दी परत आली. वर माझा शहाणपणा बघा, लाकडं आणणारा सहादू द्राक्षाची वाळकी खोडं आणायचा, ती झटकन पेटायची आणि धूर दिसायचाच नाही. मी त्याला सांगितलं, जरा ओली आण, धूर दिसला पाहिजे. सहादूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओली आणायला लागला. सात महिने. आत सगळं स्वच्छ, पांढऱ्या भिंती, सोमनाथ आयटीआय झालेला पोरगेला आचारी बटणं दाबतोय, आणि ज्यांच्यासाठी हे मांडलं त्या बाहेर ओल्या लाकडावर फुंकणी मारतायत. माझ्यासारखा शिकलेला गाढवच ही चूक करू जाणे.

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. एक वेटर मला वळसा घालून गेला, मग दुसरा. मनात हिशोबी माणूस जागा झाला होताच. आज रविवार. आत्ता चूल विझवली तर निम्मी रांग चुळबुळ करेल. पुढच्या रविवारी पाव उरतील. बावीस माणसं आहेत, सहादूचा टेम्पो आहे. आणि धुरापासून वाचवून बाईंना मी घरी पाठवलं तर तिथे तरी काय, त्यांच्या घरी चूलच आहे, सिलिंडरवर त्या फक्त पाहुण्यांचा चहा करतात. ही सगळी कारणं खरी होती, हीच तर गंमत. एकही खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला माझी आई आठवली नाही, गाव आठवलं नाही, असल्या वेळी माणसाला जे आठवायला हवं म्हणतात त्यातलं काही नाही. मला डॉक्टरांच्या यंत्रावरची ती रेघ आठवली, जराशी उठलेली. मी गल्ल्यावर गेलो आणि प्रतिभाला हळूच सगळं सांगितलं. तिने आधी ऐकलंच नाही, सुट्टे देत होती. मग तिचा हात थांबला. तिने मान उंचावून दाराकडे पाहिलं. त्यांना तिथे बसवलं कोणी, असं तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत आपणच, असं स्वतःच म्हणाली. मग म्हणाली, आज रविवार आहे रे. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, जा मग, माझ्याकडे बघत काय उभा राहिलास.

मी पिण्याच्या पाण्याचा जग उचलला आणि दाराशी जाऊन चुलीत ओतला. अशी कामं करायची सवय नसली की माणूस धड करत नाही. पाणी थोडं चुलीत गेलं, थोडं तव्यावर. चर्र आवाज झाला, राखेचा लोट उठला, रांगेतली माणसं मागे सरकली. सिंधुबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती.

"भाकर हाय तव्यावर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातला जग पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. एकदम हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं त्यांनी विचारलं, "भाऊ, मला काढता का?"

मी जग खाली ठेवायला जागा शोधत होतो.

"मी फुंकते की. आज जरा... दम लागला. पन फुंकते." आणि खरंच त्या वाकल्या, चिमट्याने ओल्या राखेतून एक जिवंत निखारा शोधून बाजूला घ्यायला लागल्या.

आयुष्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नाही. कारखाना सुटला तेव्हाही नाही. मी खाली बसलो, त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हटलं, "काढत नाहीये. पगार तोच, काम आतमध्ये. या धुरात बसवलं ती माझी चूक झाली, सिंधुबाई."

त्यांना ते पटलं नाही. चूक बिक शब्दांवर त्यांचा विश्वास नसावा. "आत माझं काय काम?" त्या म्हणाल्या. "तिथं जाळच नाय. सोमनाथ बटन दाबतो."

"बटण दाबू दे त्याला. रस्सा त्याचा आहे का?"

त्यावर त्यांनी विचार केला. हातावरची भाकरी परत परातीत ठेवली, पदराला हात पुसले. "त्याचा कसा असंल," त्या म्हणाल्या.

सकाळी मसाला काढून द्यायला त्या मागच्या दारापर्यंत यायच्या, पण ती शेगडी चालू असताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. कोणी या म्हटलंच नव्हतं. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि पांढऱ्या फरशीवर देवळात शिरावं तशा शिरल्या. पातेलं रटरटत होतं आणि खाली काहीच नव्हतं. त्यांनी वाकून खाली पाहिलं, बाजूने पाहिलं. मग पळीत रस्सा घेतला, फुंकर न मारताच जरा थांबल्या आणि चाखला. त्यांची जीभ टाळूला लागल्याचा आवाज आला. "मसाला करपलाय," त्या म्हणाल्या. "तळाला लागलाय. रोज असंच करतो का रं?" सोमनाथ कावराबावरा झाला. म्हणाला, या शेगडीवर बूड एकदम तापतं, हलवेपर्यंत लागतं, पण लोकांना आवडतंय, लोक म्हणतात धुराचा वास येतो. मला कॉलेज रोडचे आजोबा आठवले आणि त्या परिस्थितीतही मी भिंतीकडे तोंड करून हसलो. सात महिने आमचं गिऱ्हाईक करपलेल्या मसाल्याला चूल समजून मिटक्या मारत होतं. सिंधुबाईंना हसू आलं नाही. त्यांनी सोमनाथला जाळ कमी करायला सांगितला. कितीवर आणू, त्याने विचारलं. त्या पातेल्याकडे कान करून उभ्या राहिल्या. खाली घे म्हणाल्या. अजून. अजून. रटरट थांबून नुसती गुडगुड राहिली, तेव्हा म्हणाल्या, बास, हितंच ठेव. शेगडीवर चारचा आकडा होता. अठरा वर्षं पॅनेल जोडलेल्या माणसाला हा आकडा सापडला नव्हता.

त्या रविवारी रांगेतली बरीच मंडळी निघून गेली, हे सांगायला हवं. पुढच्या रविवारी कडेची चार टेबलं रिकामी राहिली, त्याच्या पुढच्या रविवारी पाच. कोणी चुलीचं विचारलं की मी सरळ सांगतो, चूल बंद, रस्सा विजेवर, करणारी बाई तीच. काही बसतात, काही बसत नाहीत. प्रतिभाने रंगाऱ्याला बोलावून पाटीवरचा 'चुलीवरची' हा शब्द पुसून घेतला. तिथे काय लिहायचं हे अजून ठरत नाही, त्यामुळे मिसळीच्या आधी नुसता पांढरा ठोकळा आहे. सहादूचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही. त्याचा टेम्पो मी भाजीला लावलाय, पण लाकडाएवढं काम त्यात नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. ही एक सल आहे. सिंधुबाईंना घरी ठेवायला प्रतिभाने आमची जुनी विजेची शेगडी दिली, ती त्यांनी कपाटावर ठेवून वर फुलदाणी ठेवली होती. परवा मंगळू सांगत होता, आता तिच्यावर भात होतो, भाकर अजून नाही. असो. भातापासून सुरुवात झाली म्हणायची.

आणि काल, दिवाळी आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मी रिकाम्या टेबलांपैकी एका टेबलावर बसून माझ्याच हॉटेलातली मिसळ खात होतो. कधी नव्हे ते निवांत. ऊन छपरावर आलं होतं. आतून सिंधुबाईंचा आवाज आला, बहुतेक सोमनाथने मटकीत भलतंच काही घातलं असावं. "अरं सोमनाथ, तुला किती डाव सांगितलं का मटकी शिजस्तोवर मीठ घालायचं नाय, मीठ घातलं का ती आखडून बसती नव्या सुनंवानी, मंग तू बटन दाब नाय तर सूर्य डोक्यावर घे ती काय शिजायची नाय, आन वर मलाच म्हनशील मावशी मटकी हलकी होती, हलकी मटकी नाय मेल्या, तुझा हात हलका हाय, माझ्या सासूनं अशा हातावर पळी मारली असती, ती पेठच्या बाजारात पन एकदा मारली होती तिनं, माझ्या नवऱ्याला, सगळ्या लोकांम्होरं!"

माझा घास हातात राहिला. गल्ल्यावर प्रतिभाचा हात पुन्हा थांबला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि ऐकत राहिलो. सिंधुबाई शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्या, आणि मगच त्यांनी श्वास घेतला.